बीएमएस बॅटरी तोडतो तेव्हा कंट्रोलरवर काय गुदरतं

(दृश्य: निफाड तालुका. द्राक्षबागेच्या बांधावर पत्र्याची शेड, वर चार पॅनल. आत भिंतीवर वायरिंग, कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

निफाड, दिंडोरी, सिन्नरकडे मळ्यात हे आता सर्रास दिसतं. शेडवर चार पॅनल, आत भिंतीला एमपीपीटी चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीला चालेल अशी करून भरणारा डबा, खाली २४ व्होल्टची लिथियम बॅटरी आणि बाजूला इन्व्हर्टर. त्याच्यावर चालतं काय, तर कॅमेरे, वायफाय, गोठ्यातले बल्ब, ड्रिपचा टायमर आणि उसाच्या कडेला लावलेले फोकस, कारण बिबट्या. थ्री फेज शेड्यूलप्रमाणे येते आणि सिंगल फेज तिच्या मनाप्रमाणे, मग माणूस सोलर बसवणारच ना. कुसुम योजनेतल्या पंपाला बॅटरीच नसते, तो पॅनलवर थेट चालतो, त्यामुळे पंपवाल्यांनी आज टेन्शन घ्यायचं काम नाही. ही गोष्ट बॅटरीवाल्यांची.

कंप्लेंट साधारण अशी येते. दुपारची वेळ, ऊन कडक, बॅटरी जवळजवळ फुल, आणि इन्व्हर्टर एकदम बंद. कधी कंट्रोलरचा डिस्प्लेच गेलेला असतो, कधी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर. बॅटरी चेक केली तर ओके, पॅनल पण ओके. मग कोणीतरी म्हणतं वीज पडली असेल. आभाळात ढगाचा तुकडा नाही, कुठून पडली वीज?

बरं, आता बॅटरीच्या आत बघू. लिथियम म्हणजे इथे लिथियम आयर्न फॉस्फेट, २४ व्होल्टच्या पॅकमध्ये असे आठ सेल एकापुढे एक जोडलेले. त्यांच्यावर राखणीला एक सर्किट बसवलेलं असतं, बीएमएस, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम. कुठलाही एक सेल ३.६५ व्होल्टच्या वर जायला लागला की बीएमएस चार्जिंगचा रस्ता तोडतो. विचारत नाही, सांगत नाही, डायरेक्ट तोडतो. त्याचं काम सेल वाचवायचं आहे आणि ते तो चोख करतो. पण त्या क्षणी कंट्रोलर पॅनलकडून आलेला ४० अँपिअर करंट बॅटरीकडे ढकलत असतो आणि त्याला पत्ताच नसतो की समोर आता बॅटरी नाही.

(दृश्य: सातपूरचं रिपेअरिंग वर्कशॉप. टेबलावर उघडलेला कंट्रोलर, कॉइल आणि कपॅसिटर क्लोजअपमध्ये.)

सातपूरच्या या वर्कशॉपमध्ये असे कंट्रोलर येतच असतात. हा उघडलाय बघा. ही तांब्याची जाड कॉइल, हे मॉस्फेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, आणि बॅटरीच्या टर्मिनलशेजारी उभे हे कपॅसिटर, त्यातल्या एकाचं डोकं फुगलंय. पुष्कळ जण सांगतात की कॉइलमध्ये साठलेली एनर्जी बाहेर पडते आणि तीच सगळं जाळते. खरं आहे पण अर्धंच. हिशोब करून बघा. ४७ मायक्रोहेन्रीची कॉइल, ४० अँपिअर करंट, तर साठलेली एनर्जी येते ०.०४ जूलच्याही खाली. बाहेर १००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर धरले तर एवढ्याने २८ व्होल्टचे फार तर २९ आणि थोडे होतील. एवढ्याने कोणी मरत नाही.

मारतो तो उशीर. कंट्रोलरला व्होल्टेज चढलेलं कळायला आणि मॉस्फेट बंद करायला जो वेळ लागतो तेवढ्यात पॅनलकडून करंट येतच राहतो. ४० अँपिअर, १००० मायक्रोफॅरड, म्हणजे दर मिलिसेकंदाला ४० व्होल्टची चढाई, मधे जो काही लोड चालू असेल तो त्यातून थोडं खाईल तेवढंच. ही चढाई थांबते कुठे, तर पॅनलचं व्होल्टेज जिथे संपतं तिथे. ७२ सेलवालं एक पॅनल उघड्यावर साधारण ४६ व्होल्ट देतं, दोन सिरीजमध्ये असतील तर ९२. आणि त्याच तारांवर बसलेला २४ व्होल्टचा इन्व्हर्टर ३२-३३ च्या पुढचं पचवायला बनवलेलाच नसतो. चांगल्या बनावटीचा कंट्रोलर झटपट आवरतो स्वतःला. स्वस्तातल्यांचा भरवसा नाही, आणि बाजारात एमपीपीटीचं स्टिकर लावलेले साधे पीडब्ल्यूएम डबे पण भरपूर विकतात, आत कॉइलच नसते. त्यांच्यात पॅनल जवळपास सरळ बॅटरीला जोडलेलं असतं, बॅटरी गेली की पॅनलचं व्होल्टेज लोडवर येऊन बसतं. १२ व्होल्टच्या राउटरला २१-२२ व्होल्ट मिळाले की त्याचं काय होतं हे वेगळं सांगायला नको.

अजून एक गंमत. कट झाल्यावर बॅटरीतून करंट बाहेर येऊ शकतो, फक्त आत जाऊ शकत नाही, कारण बीएमएसने फक्त चार्जिंगचं दार लावलंय. त्यामुळे बल्ब चालूच राहतात आणि घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे. मल्टिमीटरवर पण काही दिसत नाही, तो आरामात २७ दाखवत बसतो. एक-दोन मिलिसेकंदाची उडी पकडायला ऑसिलोस्कोप लागतो.

हा प्रकार गॅरेजवाल्यांना जुना आहे. गाडी चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं, इंजिन चालू राहिलं तर अल्टरनेटर चांगला, अशी टेस्ट जुने मिस्त्री करायचे, अजूनही काही करतात. १२ व्होल्टच्या गाडीत या झटक्याला लोड डंप म्हणतात, आणि अल्टरनेटरमध्ये आवर घालणारे डायोड नसतील तर आयएसओच्या स्टँडर्डमध्ये या टेस्टसाठी ७९ ते १०१ व्होल्टचा झटका धरलाय. त्या मिस्त्रीच्या टेस्टमध्ये किती ईसीएम, म्हणजे इंजिनचे कॉम्प्युटर, गेले असतील देव जाणे. आपल्या शेडमध्ये तेच चाललंय, फक्त टर्मिनल माणूस नाही काढत, बीएमएस काढतो.

लेड अॅसिडच्या काळात हा प्रश्न कधी आलाच नाही, कारण ती बॅटरी स्वतःहून कधी सुटत नाही. जास्त भरली तर पाणी उकळेल, वास येईल, पण तारेला धरून बसेल. तेव्हाचे कंट्रोलर बॅटरी कायम समोर आहे असं धरूनच बनवलेत, आणि त्यांचंच लेड अॅसिडचं सेटिंग लिथियमवर तसंच ठेवलं जातं. खरी बोंब इथे आहे.

(दृश्य: कंट्रोलरचा डिस्प्ले, सेटिंग बदलणारी बोटं.)

लेड अॅसिडला थंडीत जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून कंट्रोलर टेंपरेचर बघून सेटिंग वर सरकवतो, २४ व्होल्टला दर अंशामागे साधारण ३६ मिलिव्होल्ट. आता निफाडची थंडी तुम्हाला माहितीये, पारा ५ च्या खाली जातो ते पेपरात येतच असतं. समजा रात्री लोड कमी होता, बॅटरी सकाळी लवकर भरत आली आणि शेडमध्ये अजून १० अंशच आहेत. २८.८ चं सेटिंग २५ अंशांचं, ते वाढून २९.३४ होतं. आठ सेल गुणिले ३.६५ किती? २९.२. म्हणजे कंट्रोलर स्वतःच बीएमएसला तोडायला लावतोय. इक्वलायझेशन, म्हणजे लेड अॅसिडचे सेल सारखे करायला मुद्दाम दिलेलं जास्त व्होल्टेज, चालू असेल तर त्याहून पुढे. या दोन्ही गोष्टी लिथियमला बंद पाहिजेत. शून्याच्या आसपास चार्जिंग तोडणारे बीएमएस असतात, काही तर ५ अंशालाच तोडतात, पण भल्या सकाळी करंटच कमी असतो म्हणून तिथे बहुतेक वेळा निभावतं.

पण सेटिंग बरोबर असूनही कट होतो, तो का? मोबाइलवर बीएमएसचं अॅप उघडा आणि चार्जिंग संपत आल्यावर एकेका सेलचा आकडा बघा. सात सेल ३.४३ वर आणि आठवा ३.६५ वर, बेरीज २७.६६. कंट्रोलर त्याच्या २८.४ च्या सेटिंगची वाट बघतोय, पॅक २७.६६ लाच सुटला. एका उड्या मारणाऱ्या सेलपायी. बीएमएसमधलं साधं बॅलन्सिंग, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर आणणं, पन्नास-शंभर मिलिअँपिअरमध्ये चालतं, मोठ्या पॅकला ते आठवडेच्या आठवडे पुरत नाही.

म्हणून पहिलं काम, चार्जिंग व्होल्टेज खाली आणायचं. सेलमागे ३.४५ म्हणजे २७.६, फ्लोट, म्हणजे भरल्यावर धरून ठेवायचं व्होल्टेज, २७. बॅटरी तरी जवळजवळ पूर्ण भरते, थोडा वेळ जास्त लागतो एवढंच. बीएमएसचा कट हा शेवटचा ब्रेक आहे, रोज दुपारी दाबायचं बटन नाही.

तरीही कधीतरी कट होणारच, मग पुढे? सगळ्यात चांगलं म्हणजे बीएमएस आणि कंट्रोलर एकमेकांशी बोलणारे घ्या, कॅन किंवा आरएस ४८५ ची डेटा केबल लावून. बीएमएस आधीच सांगतो करंट कमी कर, मग शून्य कर, आणि तोडायची वेळच येत नाही. दोघं वेगवेगळ्या कंपनीचे असले तर प्रोटोकॉल जुळतो का हे पैसे द्यायच्या आधी विचारा, नुसतं सॉकेट सारखं असून भागत नाही. ते नसेल तर बीएमएसच्या अलार्म कॉन्टॅक्टवरून कंट्रोलरचा रिमोट ऑन-ऑफ चालवता येतो, फक्त अलार्मचा आकडा कटच्या खाली ठेवायचा, ३.५५ वगैरे. रिमोटच नसेल तर पॅनलच्या तारेत डीसी कॉन्टॅक्टर, म्हणजे इशारा मिळाला की तार तोडणारा स्विच. डीसीचाच. घरातला एसीचा एमसीबी ९० व्होल्ट डीसीवर तोडायला गेला तर आत आर्क, म्हणजे ठिणगीची ज्योत, धरून ठेवू शकतो आणि वितळू शकतो.

जादा व्होल्टेज अडवणारे टीव्हीएस डायोड पण लावतात. लावा, पण डेटाशीट वाचून. ३० व्होल्टचा म्हणून आणलेला डायोड पूर्ण करंटला ४८ वर जाऊन अडवतो, तोपर्यंत इन्व्हर्टर गेलेला असतो, आणि ही ताकद मिलिसेकंदापुरतीच असते. त्याहून जुगाड बरा, यूपीएसमधल्या दोन छोट्या लेड अॅसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये, फ्यूज टाकून, लिथियमला समांतर. झटका त्या गिळतात. वांधा एवढाच की दोन-तीन वर्षांत त्या आतून मरतात आणि कोणाला कळत पण नाही.

(दृश्य: निफाडच्या शेडमध्ये टेक्निशियन आणि मालक.)

"नाना, बॅटरीचा ब्रेकर पाडायच्या आधी काय पाडायचं?"

"पॅनलचा."

"आणि चालू करताना?"

"आधी बॅटरी, मग पॅनल. पण भाऊ, पोराने परवा उलटं केलं होतं."

उलटं केलं की काय होतं, तर झटका हाताने दिला जातो, शिवाय बॅटरी न दिसल्यामुळे काही कंट्रोलर सिस्टीम १२ ची का २४ ची तेच चुकीचं ओळखतात. ऑटो सोडून २४ फिक्स करून ठेवा.

नानांच्या शेडमध्ये कॉन्टॅक्टर बसवलाय, त्याला जोडून एक टायमर पण टाकलाय. कट झाल्यावर सेलचं व्होल्टेज लगेच उतरतं, बीएमएस परत जोडतो, करंट आला की तोच सेल परत चढतो, परत कट. टायमर पॅनलला दहा मिनिटं बाहेर ठेवतो. आणि त्या आठव्या सेलसाठी जास्त भरलेल्या सेलमधली वीज बाकीच्यांत वळवणारा अॅक्टिव्ह बॅलन्सर मागवलाय, तो येईपर्यंत २७.२ वर चालवायचं ठरलंय.