बेचकीपासून बोटापर्यंत

[दृश्य: उघडा उजवा हात, अगदी जवळून. मागे काळा पडदा.]

अंगठा आणि तर्जनी ताणून धरली की मधे बेचकी तयार होते. कोयता असो, बॅट असो, स्कूटरचं हँडल असो, हाताची पकड या बेचकीतून सुरू होते. आता तिथून तर्जनीच्या टोकाच्या पेरापर्यंत नजर न्या. पिस्तूल आपल्या हातात बसणार की परकं वाटणार, हे बरंचसं एवढ्या अंतरावर ठरतं.

कोयत्याचा दांडा जाड वाटला तर सुताराकडे नेऊन तासून आणता येतो. सैन्यातल्या पिस्तुलाला ही सोय नाही. धिप्पाड गड्याच्या हातात जे देतात, तेच किरकोळ बांध्याच्या पोराच्या हातात देतात. दोघांच्या हातात बसेल अशी एकच मूठ करायची, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी कुणी आणि कसा सोडवला, त्याची ही गोष्ट.

[दृश्य: हिरव्या कापडावर ठेवलेलं कोल्ट १९११. कॅमेरा मुठीवरून सावकाश फिरतो.]

हे कोल्ट कंपनीचं मॉडेल १९११. अमेरिकी सैन्यानं ते २९ मार्च १९११ रोजी स्वीकारलं आणि १९८५ साली बेरेटा कंपनीचं पिस्तूल येईपर्यंत तेच त्यांचं मुख्य पिस्तूल होतं. घडवलं जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी. युटा राज्यातल्या ऑग्डेन गावचे. वडील बंदुका बनवत आणि दुरुस्त करत, त्यामुळे लहानपण कारखान्यातच गेलं. यंत्र माणसाच्या हातात जाणार आहे, हे त्या मुलाला कुणी वेगळं शिकवावं लागलं नसेल.

सैन्यात दाखल होण्यापूर्वी या पिस्तुलाची परीक्षा झाली. सहा हजार गोळ्या, ठरावीक गोळ्यांनंतर थोडी विश्रांती, तेलपाणी आणि पुन्हा सुरू. कोल्ट एकदाही अडकलं नाही. ही हकिगत सगळेच सांगतात. पण तोपर्यंत मुठीवर जे काम झालं होतं, ते मला त्याहून मोठं वाटतं.

[दृश्य: दोन रेखाचित्रं शेजारी शेजारी. डावीकडे १९०५चं मॉडेल, उजवीकडे १९११.]

डावीकडची मूठ पाहा. ब्राउनिंग यांचं १९०५चं पिस्तूल. मूठ नळीला जवळजवळ काटकोनात आहे. हात सरळ पुढे करा आणि मुठीत पेन धरा. पेन ताठ उभं राहत नाही, वरचं टोक पुढे कलतं. हाताचा तो नैसर्गिक कल आहे. काटकोनातली मूठ धरली की पिस्तुलाचं तोंड जमिनीकडे झुकतं आणि मनगट वर मोडून ते सावरावं लागतं. पुढच्या काही वर्षांत ब्राउनिंग यांनी मूठ साधारण दहा अंशांनी कलती केली. दहा अंश म्हणजे घड्याळात दोन मिनिटंसुद्धा नाहीत. पण त्यामुळे मनगटाला सावरण्याचं काम उरलं नाही. हात उचलला की नळी हाताच्याच रेषेत येऊ लागली.

घोडदळाचं म्हणणंही त्यांनी ऐकलं. घोडेस्वाराच्या एका हातात लगाम असतो. हॅमर, म्हणजे गोळी सुटण्यासाठी घाव घालणारा पुर्जा, मागे ओढलेलं, भरलेलं पिस्तूल त्याला एकाच हातानं म्यानात ठेवता यायला हवं. म्हणून डाव्या बाजूला, बरोबर अंगठ्याखाली, सेफ्टीचा, म्हणजे गोळी चुकून सुटू न देणारा, एक खटका आला. दुसरी सेफ्टी मुठीच्या पाठीलाच आहे, बेचकीच्या थेट खाली. मूठ नीट आवळली तरच ती आत दबते आणि गोळी सुटू शकते. म्हणजे हात कुठे आणि कसा बसला आहे, हे पिस्तूल स्वतःच तपासतं.

[दृश्य: कापलेलं मॉडेल. ट्रिगर, त्याची पट्टी आणि हॅमर यांची हालचाल संथ गतीत.]

आता सिंगल ॲक्शन. शब्द तांत्रिक वाटतो, पण अर्थ सोपा आहे. इथे ट्रिगरला एकच काम असतं, ओढून ठेवलेलं हॅमर सोडायचं. हॅमर मागे नेण्याचं काम पहिल्या वेळी आपला हात करतो आणि त्यानंतर प्रत्येक गोळीला मागे सरकणारी स्लाइड, म्हणजे नळीवरचं पोलादी कवच, करते. डबल ॲक्शनमध्ये ट्रिगर आधी हॅमर मागे ढकलतो आणि मग सोडतो. दोन कामं म्हटल्यावर त्याला लांबचा प्रवास आला. लांबचा प्रवास आला की ट्रिगर पुढे बसवावा लागतो. आणि ट्रिगर पुढे गेला की लहान हाताची तर्जनी तिथपर्यंत पोचत नाही. मग माणूस पकड सोडून पिस्तूल हातात थोडं फिरवून घेतो. तिथेच नेम गेला.

म्हणून सिंगल ॲक्शनची ओळख करून देताना मी आधी हाताचं बोलते, यंत्राचं नंतर. ट्रिगरचं काम कमी, म्हणून तो मागे बसू शकतो. मागे बसू शकतो, म्हणून बोट पोचतं. डबल ॲक्शनचं बेरेटा सैन्यात आलं तेव्हा लहान हातांच्या सैनिकांनी जाड मूठ आणि लांबचा ट्रिगर यांविषयी तक्रारी केल्या. त्यांच्या हातात काही खोट नव्हती.

१९११चा ट्रिगर बिजागरीवर फिरत नाही. कपाटातल्या खणासारखा सरळ मागे सरकतो. त्याच्या मागे पोलादी पट्टीची एक चौकट आहे. ती मॅगझिनला, म्हणजे मुठीतल्या गोळ्यांच्या डबीला, दोन्ही बाजूंनी वळसा घालून मागच्या पुर्जांपर्यंत पोचते. दर वेळी तेवढाच जोर, तेवढाच प्रवास. बोटाला त्याची सवय लवकर होते.

[दृश्य: पहिल्या महायुद्धातली छायाचित्रं. खंदक, चिखल, कमरेला पिस्तूल.]

इतकं करूनही मूठ सगळ्यांना जुळली नाही. पहिलं महायुद्ध झालं, हजारो हातांनी हे पिस्तूल वापरलं आणि हातांनीच चुका दाखवल्या. काहींचं बोट ट्रिगरपर्यंत ताणूनच पोचायचं. काहींच्या गोळ्या खाली जायच्या. आणि ज्यांच्या बेचकीत मांस जास्त, त्यांना मागे येणारं हॅमर चिमटा काढायचं. एकदा असा चिमटा बसला की पुढच्या वेळी हात आपोआप खाली सरकून धरतो. पकड बिघडायला तेवढं पुरतं.

[दृश्य: १९११ आणि १९११ए१, दोन्हींच्या मुठी अगदी जवळून. हाताचं बोट एकेक बदल दाखवतं.]

१९२०च्या दशकात दुरुस्त आवृत्ती आली, १९११ए१. ट्रिगर आखूड केला. ट्रिगरच्या मागे पिस्तुलाच्या सांगाड्याला दोन्ही बाजूंनी खोलगट खाच दिली, म्हणजे बोटाला जवळची वाट मिळाली. बेचकीवरची शेपटी लांबवली, म्हणजे हॅमरचा चिमटा टळला. मुठीची पाठ सपाट होती, तिला खालच्या बाजूला फुगवटा दिला. हा फुगवटा तळहाताच्या टाचेला टेकतो आणि पिस्तुलाचं तोंड थोडं वर उचलतो. नळी तीच, काडतूस तेच, मॅगझिनमध्ये सात गोळ्या त्याच. बदललं ते फक्त जिथे माणूस लागतो तिथे.

पुढे नेमबाजांनी यातला फुगवटा पुन्हा काढला. अनेकांना सपाट पाठ आणि लांब ट्रिगरच बरा वाटला आणि त्यांनी तो परत बसवून घेतला. मला यात विरोधाभास दिसत नाही, कारण हे करता येतं हेच या रचनेचं मोठेपण आहे. मुठीची पाठ वेगळा पुर्जा आहे, एका पिनेवर बसतो. दोन्ही बाजूंच्या लाकडी पट्ट्या दोन-दोन स्क्रूंवर आहेत, त्या पातळ किंवा जाड लावा. ट्रिगरही बदलता येतो. आज प्लॅस्टिकच्या चौकटीच्या पिस्तुलांसोबत मुठीच्या दोन-तीन पाठी येतात आणि ते नवं वाटतं. जुन्या कोल्टला ही मुभा पहिल्यापासून होती.

[दृश्य: दुसरं पिस्तूल कापडावर ठेवलं जातं. ब्राउनिंग हाय पॉवर.]

ब्राउनिंग यांनी शेवटच्या वर्षांत बेल्जियममधल्या एफएन कंपनीसाठी आणखी एका पिस्तुलावर काम सुरू केलं होतं. ते पुरं होण्याआधीच, नोव्हेंबर १९२६ मध्ये, लिएजजवळच्या एर्स्टाल इथल्या त्याच कारखान्यात त्यांचं निधन झालं. काम द्यूदोने सेव्ह या एफएनच्या तंत्रज्ञानं पूर्ण केलं. १९३५ साली ते बेल्जियमच्या सैन्यात दाखल झालं. तेच हे हाय पॉवर. हेही सिंगल ॲक्शन.

याच्या मॅगझिनमध्ये तेरा गोळ्या बसतात, कोल्टच्या जवळजवळ दुप्पट. मग मूठ दुप्पट जाड हवी. हातात घ्या, तर ती तशी लागत नाही.

[दृश्य: एक .४५ आणि एक ९ मिलिमीटर काडतूस, शेजारी मोजपट्टी.]

कारण इथे, या मोजपट्टीवर आहे. कोल्टचं .४५ इंची काडतूस सुमारे ३२ मिलिमीटर लांब आणि बुडाशी १२ मिलिमीटर जाड. हाय पॉवरचं ९ मिलिमीटरचं काडतूस ३० मिलिमीटरच्या आतबाहेर आणि बुडाशी १० मिलिमीटर. काडतूस मुठीत आडवं झोपतं. त्याची लांबी म्हणजे मुठीची खोली, बेचकीपासून बोटांपर्यंतची. तिथे दोन-तीन मिलिमीटर वाचले. गोळ्या एकीच्या बगलेत दुसरी अशा नागमोडी रचल्या, तर रुंदीही दुप्पट होत नाही.

शिवाय सेव्ह यांच्या या पिस्तुलात ट्रिगरची पट्टी मॅगझिनला वळसा घालत नाही. ट्रिगर वर ढकलतो, स्लाइडमधली एक छोटी तरफ तो जोर मागे नेते आणि खाली दाबून हॅमर सोडवते. मॅगझिनच्या दोन्ही बाजूंची जागा मोकळी झाली आणि मूठ तेवढी सडपातळ राहिली. याची किंमत बोटाला मोजावी लागते. ट्रिगर कोल्टइतका स्वच्छ नाही, सुटण्याआधी तो किंचित घासतो. त्यात मॅगझिन काढलं की गोळी सुटू नये म्हणून एक अटकाव आहे, त्याचंही ओझं ट्रिगरवर पडतं. शेपटी आखूड असल्यानं जाड हातांना हॅमरचा चिमटा इथेही बसतो. ट्रिगर म्हणाल तर माझं मत कोल्टला. पण डोळे मिटून नुसती मूठ धरायला दिली, तर मी हाय पॉवर सोडणार नाही.

[दृश्य: नकाशा. बेल्जियम, मग टोरांटो, मग हुगळीचा काठ.]

दुसऱ्या महायुद्धात बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेलं. सेव्ह ब्रिटनला निसटले. पिस्तुलाचं उत्पादन कॅनडात, टोरांटोच्या इंग्लिस कंपनीत सुरू झालं. याच घराण्याचं पिस्तूल पुढे आपल्याकडे आलं. कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळीकाठच्या ईशापूर रायफल फॅक्टरीत ते बनतं आणि आपल्या सैन्यात त्याचं नाव आहे पिस्तूल ऑटो ९ एमएम १ए. फौजेतून निवृत्त झालेला कुणी नात्यात असेल आणि तो नुसतंच 'नाइन एमएम' म्हणत असेल, तर त्याच्या मनात बहुधा हीच मूठ असते.

[दृश्य: २५ मीटरची रेंज. पहाट. नेमबाज खोक्यातून पिस्तूल काढते.]

जी मोकळीक सैनिकाला नव्हती, ती खेळात मिळाली. स्पर्धेतलं पिस्तूल .२२ इंची गोळीचं असतं, पण ट्रिगरचं काम इथेही एकच. फरक मुठीचा. ती अक्रोडाच्या लाकडाची असते आणि प्रत्येकाच्या हातावर बेतलेली. जिथे टोचतं तिथे कानस लावायची, जिथे पोकळी राहते तिथे पुट्टी भरायची. रंग उडालेल्या, भुसा चिकटलेल्या अशा मुठी रेंजवर कितीतरी दिसतात. नियमही आहेत. पूर्ण पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या खोक्यात मावलं पाहिजे. मुठीनं मनगटाला आधार द्यायचा नाही. ट्रिगरला किमान एक किलोचा जोर लागला पाहिजे.

२०१८च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. या स्पर्धांमध्ये नेमबाजीचं सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. अंतिम फेरीत बरोबरी झाली आणि निकाल लागायला दोन शूट-ऑफ लागले.

[दृश्य: नेमबाजाचा हात बाजूनं. पिस्तूल खाली, पंचेचाळीस अंशांत. आवाज फक्त वाऱ्याचा.]

या प्रकारातला वेगवान टप्पा असा चालतो. हात खाली, पंचेचाळीस अंशांत. सात सेकंद थांबायचं. हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत हात उचलायचा, नेम धरायचा, एक गोळी मारायची आणि पुन्हा हात खाली. असं पाच वेळा. या तीन सेकंदांत पकड बदलायला वेळ नाही. बेचकी जिथे बसली असेल तिथेच, बोट जिथे पोचलं असेल तिथेच.

दिवा अजून लाल आहे. अंगठा एकदा हलतो आणि लाकडाच्या खाचेत परत जातो. हिरवा. हात वर येतो आणि थांबतो, तेव्हा नळीच्या टोकावरची फोरसाइट आधीच मागच्या बॅकसाइटच्या खाचेत असते.

[आवाज: एक गोळी. पडदा काळा.]