हा आवाज आपलाच तर नाही?

एप्रिल १९६०. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातलं ग्रीन बँक. डोंगरांच्या कुशीतल्या या खोऱ्यात २९ वर्षांचे खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक २६ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण एका ताऱ्यावर रोखतात. तिथून कुणा बुद्धिमान जीवांचा रेडिओ संकेत येतो का, हे त्यांना ऐकायचं असतं. आधी टाऊ सेटी, मग एप्सिलॉन एरिडानी. दोन्ही तारे दहा-बारा प्रकाशवर्षांवरचे, म्हणजे विश्वाच्या हिशेबात अगदी शेजारचे.

दुसऱ्या ताऱ्याकडे वळल्यावर थोड्याच वेळात नोंदीची लेखणी उसळू लागली. नियमित, जोरकस ठोके! मग ते थांबले. काही दिवसांनी पुन्हा आले, पण या वेळी खिडकीबाहेर लावलेल्या छोट्या अँटेनावरसुद्धा. ती अँटेना तर कुठल्याच ताऱ्याकडे बघत नव्हती. ठोके माणसाचेच होते, बहुधा उंचावरून जाणाऱ्या विमानाचे.

ड्रेक ऐकत होते १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास. ही हायड्रोजनची वारंवारता. विश्वात सगळीकडे हायड्रोजन आहे, तेव्हा रेडिओ जाणणाऱ्या कुणालाही ती ठाऊक असणार, असा तर्क कोकोनी आणि मॉरिसन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९५९ साली मांडला होता.

पण कुठे ऐकायचं, यापेक्षा ऐकलेलं कुणाचं हे ओळखणं फार अवघड. या शोधाचा खरा कस तिथेच लागतो.

निसर्गातले रेडिओस्रोत पसरट बोलतात, त्यांची ऊर्जा अनेक वारंवारतांवर सांडलेली असते. एखाद-दुसऱ्या हर्ट्झवर एकवटलेली बारीक रेघ दिसली, तर ती यंत्राची. आता यंत्र कुणाचं? पृथ्वी फिरते, त्यामुळे दूरवरून येणारी वारंवारता हळूहळू सरकताना दिसायला हवी. जागची हलत नसेल, तर ते यंत्र बहुतेक इथलंच, जमिनीवरचं. शिवाय दुर्बीण काही मिनिटं ताऱ्यावर ठेवतात, मग बाजूला नेतात, पुन्हा ताऱ्यावर आणतात. बाजूला नेल्यावरही रेघ राहिली, तर ती बाद.

२०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने प्रॉक्सिमा सेंटॉरीकडे कान लावला होता. सूर्यानंतरचा आपल्याला सर्वांत जवळचा हा तारा, ४.२ प्रकाशवर्षांवर. त्या नोंदींत ९८२ मेगाहर्ट्झवर एक रेघ सापडली. बारीक, सरकणारी. ताऱ्यावर असताना दिसे, बाजूला नेलं की नाहीशी होई. सगळ्या चाळण्यांतून ती पार झाली!

अशा वेळी मन किती धावत असेल! तरीही संशोधकांनी त्याच नोंदी पुन्हा उपसल्या. तेव्हा वेगवेगळ्या वारंवारतांवर तशाच चालीच्या डझनावारी रेघा निघाल्या, आणि त्यांतल्या काही दुर्बीण बाजूला असतानाही होत्या. २०२१ मध्ये निष्कर्ष आला: पृथ्वीवरच्याच इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा गोंगाट. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण हा वळसा घातल्याशिवाय कळसा काखेत आहे, हे कळत नाही. मला तरी हे काम विलक्षण प्रामाणिक वाटतं.

एका नोंदीचा उगम मात्र अजून निर्विवादपणे कळलेला नाही. १५ ऑगस्ट १९७७, ओहायोतली 'बिग इअर' दुर्बीण. ती जागची हलत नसे, पृथ्वी फिरेल तसं आकाश तिच्यासमोरून सरके. एखादा ताऱ्यासारखा स्रोत तिच्या टप्प्यात ७२ सेकंद राही: चढत जाई, मग उतरे. धनू तारकासमूहाच्या दिशेने आलेला हा संकेत नेमका तसाच चढला, तसाच उतरला. छापील कागदावर संकेताचा जोर दाखवणारी सहा अक्षरं-आकडे बघून खगोलशास्त्रज्ञ जेरी एहमन यांनी समासात लाल शाईने लिहिलं, 'वॉव!'

बिग इअरला संकेत टिपणारे दोन कर्णे होते. जे एकाला ऐकू येई, ते सुमारे तीन मिनिटांच्या अंतराने दुसऱ्यालाही यायला हवं. संकेत एकातच उमटला. नंतर अनेकदा, अधिक संवेदनशील दुर्बिणी त्याच जागेवर रोखून ऐकलं गेलं.

तो पुन्हा आला नाही.