चोवीस तास, दोन इंजिनं, दोन चेन

[पहाट. दवाने ओला झालेला डांबरी ट्रॅक. दोन इंजिनांचा एकत्र आवाज जवळ येतो, निघून जातो.]

इंग्लंडच्या ईशान्येला, मिडल्सब्रो शहराजवळ टीसाइडचा कार्टिंग ट्रॅक आहे. कार्ट म्हणजे जमिनीलगत धावणारी छोटी, उघडी शर्यतीची गाडी. एक फेरी २.१ किलोमीटरची. हा सगळा मुलूख पोलादाचा. सिडनी हार्बर ब्रिज बांधणारी डॉर्मन लाँग कंपनी याच मिडल्सब्रोची. या ट्रॅकवर चोवीस तासांच्या कार्ट शर्यती होत आल्या आहेत आणि त्यांत उतरणारे बरेचसे संघ हौशी असतात. आठवडाभर नोकरी करायची, सुट्टीच्या दिवशी व्हॅनमध्ये कार्ट, हत्यारांची पेटी आणि अंथरूण-पांघरूण टाकून यायचं.

[कार्ट जवळून. सीटच्या डाव्या-उजव्या बाजूची इंजिनं.]

या कार्टला प्रोकार्ट म्हणतात. होंडाची दोन जीएक्स १६० इंजिनं, प्रत्येकी १६३ सीसी, फोर-स्ट्रोक, हवेवर थंड होणारी. याच घराण्यातली इंजिनं आपल्याकडे शेतातल्या पाण्याच्या पंपावर दिसतात. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी पहिली कार्ट बनवली, तीही गवत कापायच्या यंत्राच्या इंजिनावर. शर्यतीच्या गाडीला असं साधं इंजिन लावायचं कारण सरळ आहे: ते स्वस्त आहे आणि नीट सांभाळलं तर तासन् तास चालतं.

कारखान्यातून येताना या इंजिनाचा गव्हर्नर, म्हणजे वेगाला लगाम घालणारा भाग, त्याला ३,६०० आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आसपास रोखतो. शर्यतीत गव्हर्नर काढलेला असतो, म्हणून शर्यतीआधीची तपासणी जास्त काटेकोर करावी लागते. इंजिन पूर्ण थंड असताना व्हॉल्व्हची फट फिलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजतात: इनटेकला ०.१५ मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.२०. प्लगची फट ०.७ ते ०.८. ऑइल एका इंजिनात जेमतेम ०.५८ लिटर, म्हणजे तीन पेले. आत ऑइल पंप नाही. पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडच्या तळाशी असलेली छोटी पळी ऑइल उडवते आणि तेवढ्यावर सगळं चालतं. पातळी थोडी उतरली तरी लांब वळणात ऑइल एका बाजूला जातं आणि पळी कोरडी फिरते. ऑइल कमी झालं की इंजिन बंद करणारा सेन्सर मूळ इंजिनात असतो, पण वळणातल्या हिंदकळण्यानेही तो इंजिन बंद पाडतो, म्हणून शर्यतीत त्याची तार सोडवून ठेवतात. ती तार सोडवली की पातळीवर लक्ष ठेवणं माणसाचं काम. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांबण्याच्या जागेत, सपाट जागा ठरवून घ्यावी आणि दर दुसऱ्या थांब्याला तिथेच दोन्ही इंजिनांचं ऑइल बघावं.

[मागचा एक्सल. दोन स्प्रॉकेट, म्हणजे चेनची दातेरी चाकं. हात चेन वर-खाली हलवून बघतो.]

पण हौशी संघाची शर्यत बहुतेक वेळा इंजिनात बिघडत नाही. ती इथे, या एक्सलपाशी बिघडते.

प्रत्येक इंजिनाला स्वतःचा सेंट्रिफ्युगल क्लच (इंजिनाचा वेग वाढला की आपोआप पकडणारा), प्रत्येक क्लचपासून एक चेन, आणि दोन्ही चेन एकाच सरळ एक्सलवर. चेनला मधोमध बारा ते पंधरा मिलिमीटर ढील हवी. जास्त ताणली तर ती तापून वाढते आणि क्लचची बुश खाते. सैल सोडली तर ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, म्हणजे कर्बवर, आपटल्यावर उतरते. इंजिनाच्या बैठकीचे क्लॅम्प ढिले करायचे, इंजिन सरकवायचं, क्लॅम्प आवळायचे. आवळताना इंजिन हमखास थोडं सरकतं. त्यामुळे ढील आवळण्याआधी नाही, आवळल्यानंतर मोजायची, तीही एक्सल पूर्ण एक फेरा फिरवून, कारण स्प्रॉकेट कधीच अगदी गोल नसतं. सरळ पट्टी लावून प्रत्येक चेनचं क्लचवरचं आणि एक्सलवरचं स्प्रॉकेट एका रेषेत आहे का तेही बघावं. योग्य कड्यांची कापलेली चेन पिटमध्ये तयार टांगलेली हवी. पहाटे तीन वाजता बॅटरीच्या उजेडात कडी मोजत बसायची वेळ येऊ नये.

एक चेन उतरली तरी कार्ट दुसऱ्या इंजिनावर पिटपर्यंत येते. दोन इंजिनांचा हा मोठा आधार आहे, पण तो एका फेरीपुरताच. उरलेल्या एकट्या क्लचवर सगळं ओझं पडतं, तो घसरत राहतो, त्याचा ड्रम (बाहेरची वाटी) तापून निळा पडतो. "अजून चार फेऱ्या काढू" म्हणणाऱ्या संघाला मग एका चेनऐवजी चेन आणि क्लच दोन्ही बदलावे लागतात.

निळ्या ड्रमचं दुसरं कारण ड्रायव्हरच्या पायात असतं. डावा पाय ब्रेकवर, उजवा ॲक्सिलरेटरवर. थकलेला ड्रायव्हर नकळत दोन्ही एकदम दाबून धरतो. तिसरं कारण केबल. एका पेडलवरून दोन कार्ब्युरेटरला केबल जाते. हादऱ्याने एक सैल झाली तर ते इंजिन मागून येतं आणि ओढायचं काम दुसऱ्याचा क्लच करतो. पेडल हाताने दाबून दोन्ही थ्रॉटल एकदम हलतात ना, शेवटपर्यंत उघडतात ना, हे बघायला दहा सेकंद लागतात.

[पिटचा फळा. कार्टचा नंबर, खाली मिनिटं.]

आता हिशेब. फेरी ९० सेकंदांची धरली तर चोवीस तासांत ९६० फेऱ्या. दर फेरीला ०.३ सेकंद वाचवणारा ड्रायव्हर मिळाला, तर दिवसभरात २८८ सेकंद, म्हणजे तीन फेऱ्यांहून थोडा जास्त फायदा. चेन बदलायला पाच मिनिटं गेली की तो सगळा संपतो. म्हणूनच वेगवान ड्रायव्हर शोधण्याआधी चेन बदलायचा सराव करावा.

पेट्रोलचाही अंदाज बांधून चालत नाही. कंपनीचा आकडा ३,६०० आरपीएमला तासाला सुमारे १.४ लिटर. शर्यतीत तो वाढतो आणि इंजिनं दोन. सरावात टाकी काठोकाठ भरायची, वीस मिनिटं शर्यतीच्या वेगाने चालवायचं, मग मापाच्या भांड्याने पुन्हा काठोकाठ भरायची. जो आकडा येईल तोच खरा. भरताना इंजिनं बंद, ड्रायव्हर बाहेर, आणि एक माणूस फक्त अग्निशामक धरून उभा. त्याच्या हाती दुसरं कुठलंही काम देऊ नये.

[ड्रायव्हर बदल. एक उतरतो, दुसरा बसतो.]

कार्टला सस्पेन्शन नाही, आणि मागची दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियलही नाही. वळणात आतलं मागचं चाक किंचित उचललं गेलं तरच ती वळते. ते उचलण्याचं काम स्टिअरिंगची भूमिती आणि फ्रेमची लवचिकता करतात, आणि फ्रेमचा हा पीळ सीटमधून ड्रायव्हरच्या बरगड्यांत उतरतो. बरगड्यांचं संरक्षक जॅकेट नसेल तर तिसऱ्या पाळीला श्वास घेताना दुखतं. सहा ड्रायव्हर असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला चार तास. किरकोळ माणसासाठी सीटमध्ये त्याच्या मापाचा फोम हवा. हलक्या ड्रायव्हरचं वजन भरून काढायला सीटला लावलेल्या शिशाच्या वड्यांना मोठे वायसर आणि डबल नट हवेतच. सुटलेलं शिसं मागच्या ड्रायव्हरवर जातं.

[पाऊस. दिव्यांच्या उजेडात उडणारं पाणी.]

पाऊस आला की घाई होते. पावसाच्या टायरने फेरीला चार सेकंद वाचत असतील आणि चारही चाकं बदलायला तीन मिनिटं लागत असतील, तर तो वेळ भरून यायला ४५ फेऱ्या, म्हणजे तासाहून जास्त लागतो. सर वीस मिनिटांत ओसरणार असेल तर स्लिकवरच, म्हणजे कोरड्या ट्रॅकच्या गुळगुळीत टायरवरच, राहणं शहाणपणाचं. आणि बदलायचेच असतील तर ड्रायव्हर बदलाच्या थांब्यातच बदलावे.

[शर्यत संपलेली. कार्ट स्टँडवर. खाली ट्रे.]

सामान भरायच्या आधी एक काम उरतं. ऑइल गरम असतानाच काढायचं, म्हणजे तळाचा गाळ सोबत येतो. ट्रेमध्ये चुंबक फिरवायचं. चुंबकाला चिकटेल ते लोखंड. पण चुंबकाला न चिकटणारी रुपेरी चमक दिसली, तर ते ॲल्युमिनियम, आणि या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा असतो. त्या इंजिनावर खडूने फुली मारतात. उघडून बघितल्याशिवाय ते पुन्हा कार्टवर चढत नाही.