तरतूद झाली, पैसा कधी पोहोचला?

मंडळी, अर्थसंकल्प सादर झाला की चर्चा रंगते ती आकड्यांवर. पर्यटनाला किती, रोजगाराला किती, गेल्या वर्षापेक्षा वाढ किती. मंदीतून सावरताना मात्र आकड्याइतकीच तारीखही पाहायला हवी. तरतूद म्हणजे खर्चाची परवानगी, खर्च नव्हे. तिजोरीतला पैसा गवंड्याच्या, खानसाम्याच्या, गाईडच्या हातात पडेपर्यंत बाजारात काहीच हलत नाही.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स यांनी १९३६ साली मांडलेला विचार आपल्याला ठाऊक आहे. एकाचा खर्च हे दुसऱ्याचं उत्पन्न असतं. म्हणून खासगी मागणी आटली की सरकारनं हात सैल सोडावा. पण हा गुणक, म्हणजे एका खर्चातून पुढचे खर्च उभे राहणं, चालतो तो माणसं आणि यंत्रं रिकामी असताना. तेजी परतल्यावर पोहोचलेला पैसा नुसते भाव चढवतो.

उशीर होतो कुठे? पर्यटनस्थळाकडे जाणारा चार किलोमीटरचा रस्ता आणि तिथलं स्वच्छतागृह, एवढंच काम घ्या. तरतुदीनंतर अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, छाननी आणि मग कार्यारंभ आदेश. एकच निविदा आली तर फेरनिविदा. वळणावरचा जमिनीचा एक तुकडा ताब्यात नसला, तर बाकीचा रस्ताही रखडतो. शेवटी वर्ष संपताना घाईघाईनं बिलं निघतात, नाहीतर निधी व्यपगत होतो, म्हणजे न वापरताच परत जातो. अमेरिकेनं २००९ मध्ये मंदीतून सावरण्यासाठी ७८७ अब्ज डॉलरचा कायदा केला, तेव्हा ‘लगेच सुरू होणारी कामं’ हा त्याचा मोठा आधार होता. तशी तयार कामं प्रत्यक्षात नसतात, हे ओबामांनी पुढच्याच वर्षी मान्य केलं.

म्हणून पहिल्या तिमाहीत डागडुजी घ्यावी: पायऱ्या, कठडे, दिवे, पाण्याच्या टाक्या. भूसंपादन नाही, मजुरीचा वाटा मोठा. त्याहूनही जलद उपाय म्हणजे कंत्राटदारांची थकलेली देयकं चुकती करणं. काम झालेलं असतं, मोजमाप नोंदलेलं असतं, नवी मान्यता लागत नाही. ही गोष्ट भाषणात झळकत नाही, म्हणूनच ती मागे पडते, आणि तिथेच छोट्या कंत्राटदाराचे मजूर काम सोडून जातात.

रोजगाराचं म्हणाल तर गेलेली नोकरी परत उभी करण्यापेक्षा असलेली टिकवणं सोपं. जर्मनीत काम कमी झालं तर कामाचे तास घटवतात आणि बुडालेल्या निव्वळ वेतनाच्या ६० टक्के, मुलं असतील तर ६७ टक्के, रक्कम सरकारी यंत्रणा भरते. एप्रिल २०२० मध्ये सुमारे ६० लाख लोक या योजनेत होते. कुशल माणूस धंद्यातच राहतो. मात्र मुदत ठरलेली हवी. जो धंदा परतणारच नाही, त्यात माणसं अडकून पडता कामा नयेत.

पर्यटनात नुकसान भरून काढता येत नाही. आज रिकामी गेलेली खोली उद्या दोनदा विकता येत नाही. ब्रिटननं ऑगस्ट २०२० मध्ये हॉटेलातल्या जेवणावर निम्मी सवलत दिली, माणशी कमाल १० पौंड, आणि तीही सोमवार ते बुधवार. साथ चालू असताना ती राबवल्याबद्दल टीका झाली, ती रास्तच होती. पण ओस दिवस भरायचे, हा विचार घेण्यासारखा आहे. करकपातीचं तसं नाही. गिऱ्हाईकच नसेल तर कमी केलेला कर वाचणार कशावर? अशा वेळी खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जाला सरकारी हमी उपयोगी पडते. तिथंही नावाडी, गाईड, फेरीवाले सुटून जातात, कारण त्यांच्याकडे ताळेबंद नसतो. त्यांना थेट मदत द्यावी लागते. आणि कर्जाच्या हप्त्यांची सवलत सरसकट सहा महिन्यांची ठेवली, तर पहिला हप्ता नेमका मंद हंगामात येतो आणि खातं थकीत होतं. हप्ते हंगामानुसारच बांधले पाहिजेत.

आता त्या स्वच्छतागृहाकडे परत येऊ. बांधकाम भांडवली खर्चातून होतं, सफाईचा पगार महसुली, म्हणजे रोजच्या चालू खर्चातून येतो, आणि तूट वाढली की कात्री आधी तिथंच लागते. मग नव्या इमारतीला कुलूप. सफाई कामगाराचा पगार, पाण्याचं बिल आणि पंपाची दुरुस्ती या तीन बाबींची किमान ३ वर्षांची सोय दाखवल्याशिवाय बांधकामाला मंजुरीच देऊ नये.