चाळीस लाखांत किती माणसे बसतात?

मुंबईत तरुण आर्किटेक्टांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप

मुंबईत आर्किटेक्टची फी बहुधा दोन प्रकारे ठरते: बांधकाम खर्चाच्या टक्क्यांत, किंवा बांधीव क्षेत्राच्या दर चौरस फुटाला अमुक रुपये. दोन्ही पद्धती ग्राहकाला समजायला सोप्या आहेत. परंतु त्या आकड्यात काम करणारी माणसे दिसत नाहीत, आणि आपल्या कार्यालयांची बहुतेक आर्थिक ओढाताण तेथूनच सुरू होते. म्हणून कोटेशन पाठवण्यापूर्वी फी माणसांच्या तासांत मोडून पाहावी, असा माझा आग्रह आहे.

विलेपार्ल्यातील एखाद्या जुन्या सोसायटीच्या पुनर्विकासाचे काम आले, आरसीसी आणि अन्य सल्लागारांची फी वेगळी धरून आपली फी ४० लाख रुपये ठरली, असे समजा. महिना ५० हजार रुपये पगार असलेला सहकारी रजा, सण आणि कार्यालयातील किरकोळ कामे वजा जाता महिन्याला साधारण १२५ तास प्रकल्पाला देतो. भाडे, वीज, सॉफ्टवेअरचे परवाने आणि हिशेबनीस यांचा त्याच्या वाट्याला येणारा खर्च पगाराइतकाच धरला, तर त्याचा महिना १ लाखाला आणि तास ८०० रुपयांना पडतो. म्हणजे ४० लाखांत ५,००० तास, अर्थात ४० मॅन-मंथ (एका माणसाचे महिनाभराचे काम म्हणजे एक मॅन-मंथ) मिळतात. पहिल्या बैठकीपासून भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत ४८ महिने लागणार असतील, तर या कामावर एक माणूससुद्धा पूर्णवेळ ठेवता येत नाही. भागीदाराचा स्वतःचा वेळ याहून महाग असतो. तो आणि नफा यात अजून धरलेलेच नाहीत.

हे ४० मॅन-मंथ सारखे वाटता येत नाहीत. संकल्पनेच्या चार महिन्यांना ४, महापालिकेच्या प्रस्तावाच्या आठ महिन्यांना ८, वर्किंग ड्रॉइंग (साइटवर बांधण्यासाठीचे तपशीलवार नकाशे) आणि निविदेच्या सहा महिन्यांना १४ असे दिले, तर साइटच्या ३० महिन्यांसाठी १४ उरतात. म्हणजे अर्ध्या माणसापेक्षाही कमी. त्यातच बांधकाम वर्षभर लांबले, तर याच वेगाने साडेपाच मॅन-मंथ, म्हणजे साडेपाच लाख रुपये, आपल्या खिशातून जातात. वर्किंग ड्रॉइंगच्या काळात दुसऱ्या प्रकल्पाचीही तीच वेळ आली, तर माणसे कोठून आणणार, हे वर्षाच्या सुरुवातीलाच सर्व प्रकल्प एका तक्त्यावर मांडून पाहिले पाहिजे. प्रशिक्षणार्थी विद्यार्थ्यांवर हा भार टाकू नये; त्यांचे सत्र संपले की ते जातात आणि फाइलची माहिती त्यांच्यासोबत जाते.

सर्वांत जास्त तास बदलांत जातात, म्हणून येथे थोडे थांबतो. कमिटीने एका बैठकीत स्वयंपाकघराला ड्राय बाल्कनी मागितली, तर मजल्याचा नकाशा, तुळईची जागा, प्लंबिंगचा शाफ्ट, खिडक्यांचा तक्ता आणि क्षेत्रफळाचे विवरण अशी पाच कागदपत्रे बदलतात. प्रकल्प महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदलेला असेल आणि सदनिका विकल्या गेल्या असतील, तर मंजूर नकाशातील मोठ्या बदलांना दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. २०१८मध्ये विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ लागू झाली, तेव्हा कितीतरी प्रस्ताव नव्याने मांडावे लागले. त्यात ना ग्राहकाचा दोष होता ना आर्किटेक्टचा. म्हणून करारात स्पष्ट लिहावे, की किती दुरुस्त्या फीमध्ये आहेत, त्यापुढील तासांचा दर काय, आणि नियम बदलल्यामुळे करावे लागणारे काम कोणाच्या खर्चाने होईल. साइटचा कालावधीही महिन्यांत लिहावा आणि त्यापुढे मासिक फी ठरवावी. कामाच्या उत्साहात ही कलमे मागायला संकोच वाटतो. तो संकोच शेवटी आपल्या सहकाऱ्यांच्या पगारावर येतो, म्हणून मला त्याची चीड आहे.

वेळापत्रक करताना आयओडी (प्रस्तावाला महापालिकेची सशर्त मंजुरी), सीसी (बांधकाम सुरू करण्याचा परवाना) आणि पावसाळा हे तिन्ही एकत्र पाहावेत. सीसी मे महिन्यात हाती आली, तर जुन्या इमारतींना लागून असलेल्या भूखंडावर खोल खोदकाम जूनमध्ये सुरू करणे धोक्याचे असते, आणि प्रत्यक्ष वेग ऑक्टोबरनंतर येतो. गणपतीत कोकणातील सहकारी गावी जाणार आणि दिवाळीत साइटवरील कामगार, हे कॅलेंडरमध्ये आधीच मांडता येते. प्रवासही तासांत धरावा. फोर्टमधील कार्यालयातून बोरिवलीच्या साइटवर तासाभराच्या पाहणीसाठी गेलेल्या माणसाचा अर्धा दिवस जातो. महारेरा प्रकल्पात खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात राहते आणि ती काढताना आर्किटेक्टचेही प्रमाणपत्र लागते. प्रत्येक प्रमाणपत्रामागे साइटची पाहणी आहे, आणि ती कोटेशनमध्ये क्वचितच मोजलेली असते.

आता बिलाविषयी. १०० रुपये फीवर १८ रुपये जीएसटी लागतो आणि ग्राहक १० रुपये टीडीएस कापतो. हाती १०८ येतात, त्यांतून १८ सरकारला भरायचे आणि उरलेल्या ९०वर महिना काढायचा. कर-बिल दिले आणि पैसे आले नाहीत, तरी जीएसटी भरावाच लागतो, म्हणून आधी प्रोफॉर्मा बिल, म्हणजे कर-बिल नसलेले मागणीपत्र, पाठवण्याची पद्धत योग्य आहे. टप्पे ठरवताना हप्ता मंजुरी मिळण्याशी न बांधता प्रस्ताव दाखल करण्याशी बांधावा, कारण दाखल करणे आपल्या हातात असते. शेवटचा हप्ता भोगवटा प्रमाणपत्रावर ठेवावा असा विकासकाचा हट्ट असेल, तर तो एकूण फीच्या ५ टक्क्यांपेक्षा मोठा होऊ देऊ नका, आणि त्यातीलही अर्धा भाग प्रमाणपत्राचा अर्ज दाखल झाल्याच्या दिवशी देय असल्याचे करारात लिहून घ्या.