एक खुर्ची महाविद्यालयात, एक कंपनीत

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या वार्षिक सभेआधी भागधारकांना एक जाडजूड पुस्तिका पाठवतात. तिच्यात कुठेतरी मधेच एक तक्ता असतो. संचालकाचं नाव, रोख मानधन, समभागांची किंमत, एकूण. औषध कंपनीच्या तक्त्यावरून बोट खाली नेत जा. उद्योगांतले निवृत्त साहेब भेटतात, आणि मग एखाद्या नामांकित वैद्यकीय महाविद्यालयाचे डीन!

काही संशोधकांनी असे तक्ते चाळून २०१४ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात हिशेब मांडला. ४७ बड्या औषध कंपन्यांपैकी १९ कंपन्यांच्या संचालक मंडळांवर वैद्यकीय शिक्षणसंस्थांचे धुरीण बसलेले होते, एकूण ४१ जण. २०१२ सालचं त्यांचं सरासरी मानधन होतं ३ लाख १२ हजार डॉलरच्या घरात. नोकरी सांभाळून हं!

पण मला पैशापेक्षा दुसरंच खटकतं. सल्लागार डॉक्टर सल्ला देतो आणि मोकळा होतो. संचालकाची बांधिलकी कायद्यानंच कंपनीशी आणि तिच्या भागधारकांशी असते. कंपनीचं भलं पाहणं हे त्याचं कर्तव्य. त्यात कसूर केली तर भागधारक कोर्टात खेचू शकतात. आणि हाच माणूस महाविद्यालयात विभागप्रमुख नेमतो, प्रयोगशाळेची जागा वाटतो, बढत्यांवर सही करतो.

समजा, त्याच्या हाताखालच्या एका तरुण प्राध्यापिकेला त्याच कंपनीच्या औषधाचा दुष्परिणाम आढळला. डीनसाहेब तिला एका शब्दानंही अडवणार नाहीत. पण निबंध पाठवण्याआधी ती शेवटचा परिच्छेद पुन्हा उघडेल, 'धोका' हा शब्द खोडून 'शक्यता' लिहील. याची नोंद कुठल्या तक्त्यात होणार?

हितसंबंध तपासायला संस्थेत समिती असते म्हणा. पण डीनच्या हाताखालचे लोक डीनची झडती कशी घेणार?

'जाहीर केलं की झालं', असं हटकून ऐकू येतं. कंपन्या डॉक्टरांना काय देतात हे उघड करणारा कायदा तिथे २०१० पासून आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी होझे बासेल्गा यांना सप्टेंबर २०१८ मध्ये पद सोडावं लागलं, ते शोधनिबंधांत कंपन्यांकडचे पैसे नमूद न केल्यामुळे. ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या औषध कंपनीचं संचालकपद मात्र त्यांनी लपवलेलं नव्हतंच. ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतं, आणि त्यात कुणाला वावगंही वाटलं नव्हतं.

कंपन्यांना विज्ञान कळणारी माणसं नकोत का? हवीत की. त्यांनी सल्ला घ्यावा, रास्त मोबदला द्यावा. बोस्टनच्या पार्टनर्स हेल्थकेअर या रुग्णालय-समूहानं २०१० मध्ये मधला मार्ग काढला होता: वरिष्ठ अधिकाऱ्यांना अशा मंडळांकडून दिवसाला फार तर ५,००० डॉलर, आणि समभाग नाहीतच.

स्लोन केटरिंग त्याहून पुढे गेलं. मुख्य कार्यकारी अधिकारी क्रेग थॉम्पसन यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये मर्क या औषध कंपनीचं संचालक मंडळ सोडलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये नियमच झाला की वरिष्ठ अधिकाऱ्यांनी अशा कंपन्यांच्या मंडळांवर बसायचं नाही. रुग्णालय चालू आहे, कंपन्याही चालू आहेत. तक्त्यातली एक ओळ तेवढी कमी झाली.

नमस्कार.