मूठभर जोंधळ्याचं बोर्डिंग

(दृश्य : पहाटेचा अंधार. जात्याची घरघर. सुपातले जोंधळ्याचे दाणे.)

सातारा जिल्ह्यातलं एक खेडं. काळ साधारण शंभर वर्षांपूर्वीचा. जात्यात पहिली वैरण घालण्याआधी घरातली बाई सुपातून एक मूठ उचलते आणि कोपऱ्यातल्या मडक्यात टाकते. ही मूठ साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या पोरांसाठी. त्यांतल्या एकालाही तिनं पाहिलेलं नाही. तिला स्वतःला अक्षरओळख नाही. पण मडकं भरत आलंय, हे तिला बरोबर कळतं.

या योजनेला लोक ‘मुष्टिफंड’ म्हणत. कल्पना एकट्या साताऱ्याची नव्हती. पोर्तुगीज अमलाखालच्या पणजीत 1908 साली मराठी शाळेसाठी घरोघरी मूठभर तांदूळ गोळा करणारी संस्था उभी राहिली आणि तिचं नावच मुष्टिफंड पडलं. पण ही मूठ रयतेच्या हाडीमाशी खिळवली ती भाऊराव पाटलांनी.

(दृश्य : धुळीचा गाडीरस्ता. बैलगाडी. लोखंडी नांगर.)

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. पुढे ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकायला ते गावोगाव फिरले. मला वाटतं, त्यांचं खरं शिक्षण याच फिरतीत झालं. कुठल्या घरात दोन वेळची भाकर आहे, कुठल्या घरातलं पोर हुशार असूनही गुरांमागं जातंय, हे त्यांनी उंबऱ्यावर बसून पाहिलं. दुष्काळी गावातला शेतकरी रोख चार आणे देऊ शकत नाही, पण दाणे देऊ शकतो, ही समज तिथलीच.

4 ऑक्टोबर 1919 ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था निघाली. 1924 मध्ये ती साताऱ्याला आली आणि तिथं बोर्डिंग सुरू झालं.

(दृश्य : पाठीवर पोतं घेतलेला मुलगा, एका दारात उभा.)

आता या मुलाकडे नीट बघा. वय असेल बारा-तेरा. धान्य मागायला आलाय, पण मान खाली नाही. ‘बोर्डिंगाचं धान्य न्यायला आलोय’ एवढंच त्याला सांगायचं असतं. मडकं पोत्यात रिकामं होतं. घरची बाई विचारते, ‘कुणाचा रं तू? कुठल्या गावचा?’ मग तो गाव सांगतो, इयत्ता सांगतो. कुठं ताक मिळतं, कुठं गुळाचा खडा, कुठं दार लोटून घेतलं जातं. दार लोटणाऱ्याला उलट बोलायचं नसतं. पुढच्या घरी जायचं असतं.

मदत घेणारं मूल बहुतेक ठिकाणी रांगेत उभं केलं जातं. त्याच्या हातात वस्तू ठेवतात, देणाऱ्याचं नाव मोठ्यानं वाचतात आणि मूल खाली बघत राहतं. हे पाहताना मला फार वाईट वाटतं. साताऱ्याच्या पोरांवर ती वेळ आली नाही. जो धान्य खाणार, तोच ते वाहून आणणार, निवडणार, रांधणार. मूठ कुणाची म्हणून विचारलं, तर साऱ्या गावाची. त्यामुळे कुणा एकापुढं वाकायचा प्रश्न नव्हता, आणि गावाला विसरायचीही सोय नव्हती.

(दृश्य : मोठी चूल. तव्यावरची भाकरी. एका ओळीत मांडलेल्या थाळ्या.)

पोत्यातलं धान्य चुलीवर आलं की खरी परीक्षा सुरू व्हायची. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सगळ्यांची पोरं एका पंगतीला. एकाच्या हातची भाकरी दुसऱ्यानं खायची. ज्या काळात पाणवठे वेगळे होते, त्या काळात ही गोष्ट सोपी नव्हती. घरी शिकवलेला विटाळ एका दिवसात जात नाही. पण सकाळी सोबत विहिरीचं पाणी ओढलं, दुपारी शेतात राबलं, रात्री एका कंदिलाखाली पाठांतर केलं, की भुकेल्या पोटाला जात आठवत नाही. 1927 मध्ये महात्मा गांधी इथं आले. त्यांच्याच हस्ते बोर्डिंगाला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं.

तरीही मडकी कधीकधी रिकामी राहायची. पाऊस गेला की मुठी आखडायच्या. अशाच एका टंचाईत भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आधी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्र दिलं. लेकरं उपाशी झोपू नयेत, एवढाच तिचा हिशेब होता. 1930 मध्ये ती गेली. तिला रयतमाउली म्हणतात, आणि हा शब्द भाषणातून आलेला नाही. तिच्या हातचं जेवलेल्या पोरांच्या तोंडून आला आहे.

(दृश्य : दगड फोडणारे हात. चढावरची मोठी इमारत.)

पुढं याच रीतीला ‘कमवा आणि शिका’ असं नाव मिळालं. 1940 मध्ये साताऱ्यात सयाजीराव महाराजांच्या नावानं मोफत निवासी हायस्कूल निघालं, 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ म्हणणाऱ्यांनी पहार आणि पाटी दोन्ही उचलली. स्वातंत्र्यानंतर एकदा सरकारी अनुदान थांबलं, तेव्हा संस्था तगली ती लोकांच्या आधारावर. मूठ द्यायची सवय गावाला लागलेली होती.

आज रयतच्या सातशेहून अधिक शाखा आहेत. आकडा मोठा आहे. पण माझं मन मात्र त्या मडक्यापाशीच अडतं.

(दृश्य : पुन्हा ते घर. दारात पिशवी घेतलेला मुलगा.)

दिवाळीच्या सुट्टीत बोर्डिंगातली पोरं आपापल्या गावी जायची. त्यांतल्या कुणीतरी दारात पिशवी ठेवून आत पाऊल टाकलं असेल. जात्यापाशी आई बसलेली असेल, आणि कोपऱ्यात, तो गेला तेव्हा नव्हतं असं, अर्धं भरलेलं एक मडकं.